‘परिपूर्ती’ आणि ‘आपका बंटी’ : शिक्षिका-मातेची दोन दर्शने

इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा ललितलेख मराठी वाचकाच्या इतका परिचयाचा आहे की, त्याविषयी नव्याने काही सांगण्यासारखे उरले असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. एका समारंभाला पाहुणी म्हणून गेलेल्या विदुषीची सभेला ओळख करून देण्यात येते. ती कोणत्या घरात वाढली, कोणाची सून झाली, कोणाची पत्नी आहे, हे सारे यथासांग सांगून होते; आणि तरीही या परिचयात काहीतरी राहून गेले अशी चुटपुट तिच्या मनाला लागते. परतताना वाटेत शाळकरी मुलांचा एक घोळका लागतो. त्यांतला एकजण सोबत्यांना तिची ओळख सांगतो ती एवढीच की, आपल्या वर्गात जो एक कर्वे आहे त्याची ही आई. सभेत अपुरा राहिलेला परिचय रस्त्यावर पुरा होतो, आणि लेखही तेथेच पुरा होतो.

१९४९ साली याच नावाच्या संग्रहातून हा लेख वाचकांपुढे आला, तेव्हापासून त्याचे वाचन प्रायः दोन प्रकारांनी होत आले आहे. पहिल्या पिढीच्या रसिकांना त्यात मातृत्वाचा गौरव दिसला. पुढे, १९७५ नंतर, स्त्रीच्या स्वतंत्र अस्तित्वाचा प्रश्न साहित्यविचारात अग्रभागी आला, तेव्हा याच गौरवाविषयी शंका घेतली जाऊ लागली : मानवशास्त्रासारख्या विषयात ज्या स्त्रीने स्वकर्तृत्वाने स्थान मिळविले, तिची पूर्णता अखेर कोणाची तरी आई होण्यातच का असावी? दोन्ही वाचने आपापल्या परीने प्रामाणिक आहेत. परंतु लेखातील एक साधी वस्तुस्थिती दोहोंच्याही हातून निसटते. ती ही की, ज्या मुलाच्या नावाने हा परिचय पूर्ण होतो, तो मुलगा लेखात कोठेच नाही. बोलतो तो त्याचा वर्गबंधू. त्या घोळक्यात तो स्वतः उभा असता आणि सभेचे मानपान स्वीकारून परतणाऱ्या आईकडे त्याने मान वर करून पाहिले असते, तर त्याला नेमके कोण दिसले असते, हा प्रश्न ‘परिपूर्ती’ने उपस्थित केलेला नाही. लेखाची प्रसन्नता पुष्कळशी या अनुपस्थितीवर उभी आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तो प्रश्न बावीस वर्षांनी एका हिंदी कादंबरीने विचारला. मन्नू भंडारी यांची ‘आपका बंटी’ प्रथम ‘धर्मयुग’ साप्ताहिकातून क्रमशः आणि १९७१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. या कादंबरीतील शकुन ही मुलींच्या महाविद्यालयाची प्राचार्या आहे. पती अजयपासून दुरावलेली, एकुलत्या मुलाला घेऊन राहणारी. मराठी ललितलेख आणि हिंदी कादंबरी यांना एकमेकांसमोर ठेवताना प्रभावाचा किंवा ऋणाचा प्रश्न येथे अभिप्रेत नाही. तुलनेला आधार आहे तो निराळाच. दोन्ही लेखिका आयुष्यभर अध्यापन करणाऱ्या होत्या. इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या आणि तीन मुलांच्या आई होत्या. मन्नू भंडारी यांनी कलकत्त्यात आधी शाळेत आणि मग महाविद्यालयात शिकविले आणि १९६४ पासून १९९१ मधील निवृत्तीपर्यंत दिल्लीच्या मिरांडा हाउसमध्ये त्या प्राध्यापिका होत्या. त्यांची मुलगी १९६१ ची, म्हणजे कादंबरी लिहिली जात होती त्या सुमारास जवळजवळ बंटीच्याच वयाची. शिकविण्याचे काम आणि मूल वाढविण्याचे काम एकाच दिवसात बसविताना काय होते, हे दोघींनाही ऐकून माहीत नव्हते. मग एकीच्या लेखणीतून त्याचे परिपूर्तीत पर्यवसान व्हावे आणि दुसरीच्या लेखणीतून एक मूल घर हरवून बसावे, हे कशामुळे? याचे उत्तर स्वभावभेदात किंवा प्रांतभेदात शोधणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. आपल्याकडे स्त्री शिक्षिका म्हणून उभी राहिली ती संस्थेच्या अंगणात, आणि संस्थेने तिला एक ठरीव उपाधी दिली : ती सर्वांची आई. हिंगण्याच्या आश्रमाच्या इतिहासात पार्वतीबाई आठवले यांचे नाव या संदर्भात प्रथम येते. वयाच्या विसाव्या वर्षी वैधव्य आलेली, पदरी एक लहान मुलगा असलेली, अक्षरओळखही नसलेली ही कोकणातली स्त्री बहिणीच्या आणि धोंडो केशव कर्वे यांच्या आधाराने पुण्यात येते, मुलाच्या बरोबरीने आपणही शिकू लागते, आश्रमाच्या कामाला स्वतःला वाहून घेते, आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत थेट अमेरिकेपर्यंत जाते. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझी कहाणी’ या त्यांच्या आत्मकथनाचा जस्टिन अ‍ॅबट यांनी १९३० साली इंग्रजी अनुवाद केला, आणि त्या अनुवादामुळे ते परदेशांतही वाचले गेले. हे आत्मकथन वाचताना काम पानोपानी भेटते : प्रवास, भाषणे, जमा-खर्च, लोकांचे टोमणे, केशवपनाविषयीचा स्वतःशी चाललेला झगडा. मुलाविषयीचा मजकूर त्या मानाने अल्प. तो अल्प आहे म्हणून माया अल्प होती, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्या पिढीच्या सार्वजनिक स्त्रीला आपल्या मुलाविषयी लिहिण्यासाठी भाषाच उपलब्ध नव्हती. ‘सर्वांची आई’ ही उपाधी स्वीकारल्यावर ‘एकाची आई’ म्हणून बोलणे हे जणू संस्थेच्या वेळेत घरचे काम काढण्यासारखे झाले असते.

हीच उपाधी राजस्थानात अधिक करुण रूपाने दिसते. जयपूर संस्थानाची नोकरी सोडून हिरालाल शास्त्री पत्नी रतन शास्त्री यांच्यासह वनस्थळी या खेड्यात ग्रामसेवेसाठी राहावयास गेले. त्यांची मुलगी शांता १९३५ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, अकस्मात गेली. आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्या दांपत्याने मूठभर मुली जमवून शाळा सुरू केली. जयपूरपासून सुमारे ७० किलोमीटरवर असलेले आजचे वनस्थळी विद्यापीठ ते हेच. एका मुलीची जागा अनेक मुलींनी भरून काढली, असे या कथेचे सार सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण साहित्याच्या अभ्यासकाने त्यात आणखी एक गोष्ट पाहावी. ‘सर्वांची आई’ हे समीकरण येथे निर्वेध जमून येते, कारण त्या समीकरणाला प्रश्न विचारील असे स्वतःचे मूल समोर उभे नाही. हिंगण्यात ते मूल कथनाच्या कडेला गेले. वनस्थळीत ते संस्थेच्या पायाशी स्मृतिरूपाने राहिले. संध्याकाळी दारात उभे राहून, आज उशीर का झाला, असे विचारणारे मूल दोन्हीकडे नाही.

मन्नू भंडारी या जयपूरपासून १३५ किलोमीटरच्या अंतरावरील अजमेरात वाढल्या. त्यांचा जन्म १९३१ साली मध्यप्रदेशातील भानपुरा येथे झाला. परंतु बालपण आणि शिक्षणाचा पहिला टप्पा अजमेरचा. तेव्हा मुलींच्या शिक्षणाची ही राजस्थानी परंपरा त्यांच्या अवतीभवतीचीच होती. त्या परंपरेने शिक्षिकेला दिलेली उपाधी त्यांच्या कादंबरीने एका लहान मुलाच्या हाती तपासावयास दिली, हे तिचे खरे साहस आहे. घटस्फोटाचा विषय हिंदीत धीटपणे हाताळला म्हणून तिचा जो लौकिक झाला, तो त्या मानाने वरवरचा म्हणावा लागेल.

इरावतीबाईंना हे साहस करावे लागले नाही, याचे कारण त्यांच्या घरात सापडते. ज्या घरात त्या सून म्हणून आल्या, तेथे स्त्रीचे शिकणे आणि शिकविणे हा घराचाच व्यवसाय होता. स्त्रीशिक्षणाच्या पुण्यातील इतिहासात कर्वे हे नाव पदोपदी येते. घराच्या दारावर ते होते, आणि मुलाच्या शाळेतल्या हजेरीपटावरही तेच. ‘परिपूर्ती’तील मुलाला केवळ आडनाव उच्चारून ओळख सांगता आली, ती या एकजिनसीपणामुळे. व्यासपीठावर ज्यांच्या नावांनी तिचा परिचय झाला ती वडीलधाऱ्यांची व पतीची नावे, आणि रस्त्यात ज्याच्या नावाने झाला ते मुलाचे नाव, यांत वस्तुतः एकच आडनाव फिरते आहे. इरावतीबाईंसारख्या कुलव्यवस्थेच्या आणि नात्यांच्या अभ्यासकाला ही गोष्ट दिसली नसेल, हे संभवत नाही. लेखाच्या अखेरीस जे मिस्कील हसू आहे ते बहुधा यातूनच आलेले आहे; केवळ वात्सल्याचे ते नव्हे. मातृत्वाचा गौरव करणाऱ्यांनी आणि त्यावर आक्षेप घेणाऱ्यांनी, दोघांनीही, हे हसू पुरेसे विचारात घेतलेले नाही.

आता बंटीचे आडनाव पाहावे. शाळेत तो अरूप बत्रा आहे. कादंबरीच्या मध्यावर शकुन डॉ. जोशींशी विवाह करते. विधुर डॉक्टरांच्या घरी जोत आणि अमी ही दोन मुले आधीच आहेत. शकुन त्या घरात जाते ती मिसेस जोशी होऊन. बंटी जातो तो बत्राच राहून. पुण्याच्या रस्त्यावरचे ते वाक्य आता बंटीच्या वर्गात उच्चारून पाहावे : आपल्या वर्गातल्या बत्राची आई. हे वाक्य खरे राहते, पण ते ऐकून कोणाचाही परिचय पूर्ण होत नाही. ऐकणारा विचारील, मग ती जोशी कशी? आणि या प्रश्नाचे उत्तर देण्याची पाळी कोणावर येईल, तर वर्गात बसलेल्या त्या मुलावर. ज्या ठिकाणी मराठी लेख समेवर येतो, नेमक्या त्याच ठिकाणी हिंदी कादंबरीचा पेच सुरू होतो.

कादंबरी उघडते ती आरशासमोर. शकुन महाविद्यालयात जाण्यासाठी तयार होते आहे आणि बंटी मागे उभा राहून पाहतो आहे. प्रसाधनाच्या मेजावर ज्या लहानमोठ्या बाटल्या आहेत, त्यांत काहीतरी जादू असली पाहिजे अशी त्याची खात्री आहे; कारण त्या लावून झाल्या की आईचा चेहराच बदलतो. घरातली ममी जाते आणि महाविद्यालयातली ममी येते. पहिली त्याची आहे. दुसरी कठीण, ताठ, दुसऱ्याच कोणाची तरी. रूप बदलणाऱ्या राणीची एक गोष्ट त्याने ऐकलेली आहे, आणि तिची भीती या दृश्यात नकळत मिसळते. नोकरी करणाऱ्या आईविषयी त्यापूर्वी आणि त्यानंतर हिंदी-मराठीत पुष्कळ लिहिले गेले; पण या एका दृश्याइतका नेमका शोध फार थोड्या ठिकाणी लागला आहे. या विषयावर जेव्हा मोठी माणसे बोलतात, तेव्हा वेळेचा हिशेब मांडतात : इतके तास काम, इतके तास मूल, आणि उरलेल्या तासांची ओढाताण. शकुनजवळ वेळ आहे. ती बंटीला गोष्टी सांगते, त्याचा अभ्यास घेते, त्याच्या बागेचे कौतुक करते. बंटीचे गाऱ्हाणे तासांविषयी नाही. आईचे दोन चेहरे आहेत आणि त्यांतला कोणता खरा हे आपल्याला कळत नाही, हे त्याचे दुःख आहे. शिक्षकी पेशाशी या दुःखाचा विशेष संबंध आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. इतर धंद्यांतली आई घराबाहेर जाऊन मुलाला अपरिचित असे काहीतरी करते. शिक्षिका घराबाहेर जाऊन जे करते ते घरातल्यासारखेच असते. रागावणे, समजावणे, शाबासकी देणे, चूक दाखविणे, ही सारी आईचीच कामे; ती ती दिवसभर परक्या मुलींसाठी करते, निराळ्या आवाजात. म्हणून शिक्षिकेच्या मुलाचा मत्सर अधिक टोकदार असतो.

मग घरात हळूहळू बदल होतात. कलकत्त्याहून वकीलचाचा येतात, कागद येतात, सह्या होतात. डॉ. जोशींच्या घरी जाणे ठरते. फूफी ही जुनी मोलकरीण हे सारे न रुचून हरिद्वारची वाट धरते. नव्या घरात आईचा तिसरा चेहरा बंटीला दिसतो, आणि तो बाटल्यांच्या जादूनेही समजण्यासारखा नसतो. हा सर्व भाग लेखिकेने ज्या संयमाने लिहिला आहे, त्याविषयी आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. त्याची पुनरुक्ती नको. एकच सांगितले पाहिजे : डॉ. जोशी हे वाईट गृहस्थ नाहीत, शकुन वाईट आई नाही, अजयची दुसरी पत्नी मीरादेखील दुष्ट नाही. कोणाच्याही दुष्टपणावाचून एक मूल निराधार होते, हे दाखविण्यात कादंबरीचे बळ आहे.

अनुवादकाच्या दृष्टीने ही कादंबरी मराठीत आणणे दिसते तेवढे सोपे नाही, आणि ती अडचण आशयाशीच निगडित आहे. शीर्षकच घ्यावे. ‘आपका’ हा पत्राच्या शेवटी लिहिण्याचा शब्द. मूल जणू आपली सही करून स्वतःला वाचकाच्या हवाली करते आहे. त्या शब्दात आदराचे अंतर आहे, आणि ज्याला कोणी स्वतःचा म्हणत नाही असा मुलगा ‘तुमचा’ म्हणून पुढे केला जाण्याचा विषादही आहे. मराठीतील ‘आपला’ हा शब्द पत्राला चालतो. परंतु तो ऐकणाऱ्याला बोलणाऱ्यात सामावूनही घेतो. आपला बंटी म्हणजे तुमचा-आमचा, घरचा. हिंदी शीर्षक मुलाला परक्याच्या दारात उभे करते, आणि मराठी शीर्षक त्याला उचलून आत घेते. ‘तुमचा’ म्हणावे तर पत्राचा औपचारिक सूर जातो. दुसरे उदाहरण फूफीचे. फूफी म्हणजे वडिलांची बहीण, आपली आत्या. मराठी घरात मोलकरणीला मूल ‘मावशी’ म्हणेल. ते नाते आईकडचे. बंटीच्या घरात वडील नाहीत, पण वडिलांच्या बाजूचे एक नाव रोज हाक मारण्यासाठी उरले आहे, आणि ती बाई निघून जाते तेव्हा तेही जाते. वकील‘चाचा’ या शब्दातही तेच. ‘मावशी’ केल्याने संवाद मराठी होतील, पण घरातून बापाची बाजू पुसली जाईल. अशा ठिकाणी नात्याचा शब्द मूळचा तसाच ठेवणे आणि वाचकाला थोडे अडखळू देणे, हेच इष्ट.

इतके मान्य करूनही एका मोठ्या उणिवेविषयी बोलणे प्राप्त आहे. शकुन प्राचार्या आहे. पण कादंबरीत तिचे महाविद्यालय कोठे आहे? इमारत आहे, कचेरी आहे, शिपाई आहेत, प्राचार्येचा दरारा आहे. मात्र एक तास, एक विद्यार्थिनी, एखादे पुस्तक, शिकविताना लागलेली एखादी समाधी किंवा आलेले एखादे वैफल्य यांची खूण सापडत नाही. बंटीच्या डोळ्यांनी पाहिलेल्या प्रकरणांत हे योग्यच ठरते, कारण त्याला काम दिसत नाही. कामाने बदललेला चेहरा दिसतो. पण कादंबरी सर्वस्वी बंटीच्या डोळ्यांनी लिहिलेली नाही. मधल्या काही प्रकरणांत निवेदन शकुनच्या मनात शिरते, आणि तेथे तरी तिचे काम तिच्या दृष्टीने दिसावयास हवे होते. त्या प्रकरणांत दिसते ते इतकेच की, नोकरीतील बढती, प्राचार्यपद, मान, हे सारे तिने अजयशी चाललेल्या अबोल स्पर्धेत मिळविले, त्याला हरविण्यासाठी. ही गोष्ट मानसशास्त्रीय दृष्ट्या खरी असेल. दुरावलेल्या जोडप्यांत कर्तृत्वाचे शस्त्र होते, हे कोण नाकारील? परंतु पंधरा-वीस वर्षे शिकविण्यात घालविलेल्या स्त्रीच्या मनात शिकविण्याविषयी शस्त्रापलीकडे काहीच नसावे, हे पटत नाही. यामुळे कादंबरीतील तराजूच्या एका पारड्यात जिवंत मूल आहे आणि दुसऱ्या पारड्यात नुसता हुद्दा. अशा तराजूचा कौल आधीच ठरलेला असतो. वाचकांनी बंटीसाठी अश्रू गाळले आणि शकुनविषयी ते मनातून कठोर झाले, याचा दोष सर्वस्वी वाचकांच्या भाबडेपणावर ढकलता येणार नाही.

ही उणीव अधिक खटकते ती लेखिकेच्याच दुसऱ्या पुस्तकामुळे. ‘एक कहानी यह भी’ या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात अजमेरच्या महाविद्यालयातील शीला अग्रवाल या हिंदीच्या प्राध्यापिकेचे जे चित्र आहे, ते भारतीय साहित्यातील शिक्षिकेच्या उत्तम चित्रांपैकी एक मानावे लागेल. या बाईंनी जैनेंद्रकुमार, अज्ञेय, यशपाल, भगवतीचरण वर्मा यांची पुस्तके हाती दिली, नुसती दिली नाहीत तर त्यांवर वाद घातले, आणि स्वातंत्र्य-आंदोलनाच्या १९४६-४७ च्या धामधुमीत एका लाजऱ्या मुलीला चौकात उभे राहून भाषण करण्याइतके धैर्य दिले. वडील संतापले, प्राचार्यांची तक्रारीची चिठ्ठी आली. पण मुलगी बदलून गेली. शिक्षक माणसाच्या आयुष्यात काय करू शकतो, हे ज्या लेखणीला इतके तंतोतंत ठाऊक होते, तिने शकुनच्या हाती एकही पुस्तक देऊ नये? शकुनच्या महाविद्यालयातही अजमेरच्या त्या मुलीसारखी एखादी मुलगी असेलच. जी ममी बंटीला कठीण आणि परकी वाटते, तीच त्या मुलीच्या दृष्टीने आयुष्य उजळून टाकणारी असू शकेल. हे एक पान कादंबरीत असते, तर शकुनचा पेच खऱ्या अर्थाने पेच झाला असता. सुखाच्या शोधात मुलाकडे दुर्लक्ष करणारी स्त्री असा जो अर्थ सामान्य वाचकाने काढला, त्याला तेथे अडथळा आला असता. दोन मुलांच्या गरजा, एक घरातली आणि एक वर्गातली, परस्परांसमोर उभ्या राहिल्या असत्या.

याच न्यायाने ‘परिपूर्ती’कडेही पुन्हा पाहावे लागते. तेथे काम आहे, निदान त्याचा मान आहे, आणि मूल नाही. येथे मूल आहे आणि काम नाही. ‘माझी कहाणी’त काम भरभरून आहे आणि मूल कडेला आहे. सुमारे अर्धशतकाच्या अवधीत लिहिलेल्या या तीन पुस्तकांत एकही असे नाही, की ज्यात शिक्षिकेचे शिकविणे आणि तिचे मूल ही दोन्ही एकाच पानावर, सारख्याच प्रकाशात, उभी आहेत. याचा अर्थ लेखिकांचे सामर्थ्य उणे पडले असा सरसकट घेणे अन्यायाचे होईल. मोठ्या लेखिकांनाही जे जमले नाही, ते मुळात समाजाने एका नजरेत पाहिलेले नव्हते, असेच म्हणावे लागते. समाजाला शिक्षिका पाहताना आई दिसत होती, सर्वांची; आणि आई पाहताना शिक्षिका दिसेनाशी होत होती. त्यातल्या त्यात इरावतीबाईंचे श्रेय असे की, दोन ओळखींमधले अंतर त्यांनी गंभीर न होता बोलून दाखविले. मन्नू भंडारी यांचे श्रेय अधिक मोठे; कारण ज्याला या अंतराची किंमत द्यावी लागते, त्याला त्यांनी बोलते केले. कादंबरीच्या आरंभी त्यांनी जे मनोगत जोडले आहे, त्याला बंटीची जन्मपत्री म्हटले आहे, आणि प्रत्यक्षात पाहिलेल्या एकाहून अधिक मुलांमधून हा बंटी कसा घडला ते त्यात सांगितले आहे. जन्मपत्रिका मुलाची मांडली गेली, हेच या साहित्यात नवे होते.

या कादंबरीवरून पुढे निघालेल्या हिंदी चित्रपटात कथेशी जी ओढाताण झाली, तिच्याविरुद्ध लेखिका न्यायालयात गेल्या, आणि १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला निर्णय लेखकाच्या आपल्या कृतीवरील नैतिक अधिकाराविषयीचा महत्त्वाचा निर्णय मानला जातो. २०२१ साली मन्नू भंडारी निवर्तल्या, तेव्हा या खटल्याची आठवण पुष्कळांनी काढली. कायद्याचा तो भाग येथे अप्रस्तुत आहे. परंतु कादंबरीचे एकही वळण ढिले करता येण्यासारखे नाही, याची लेखिकेला असलेली जाणीव त्यातून दिसते. कादंबरीचा शेवट तर मुळीच ढिला करता येण्यासारखा नाही. डॉ. जोशींच्या घरात बंटीचे मन रमत नाही, म्हणून त्याला कलकत्त्यास वडिलांकडे पाठविण्यात येते. तेथे मीरा आहे, तिचे तान्हे मूल आहे, आणि बंटीला जागा नाही. शेवटी त्याला वसतिगृहाच्या शाळेत ठेवावयाचे ठरते, आणि वडिलांबरोबर तो आगगाडीत बसतो. डब्यात सारे अनोळखी लोक आहेत, आणि ओळखीचे जे चेहरे आठवतात तेही एकमेकांत मिसळू लागतात.

त्या गाडीच्या दुसऱ्या टोकाला एक शाळा आहे. तेथे वर्ग आहेत, वर्गात शिकविणाऱ्या बाई आहेत. सकाळी आरशासमोर उभ्या राहून, घरातला चेहरा बाजूला ठेवून, त्या बंटीच्या वर्गावर येतील आणि हजेरी घेताना अरूप बत्रा हे नाव पुकारतील. त्यांच्याही घरी कदाचित कोणी मागे उभे राहून पाहत असेल.